पहिल्या फोडीचा मान

मी एक जुना भोपळा आहे. हसा मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. परीक्षेत काहीच आलं नाही की तुमच्या कागदावर माझंच चित्र निघतं, हे मला ठाऊक आहे. दोघांचं पटत नसलं की त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे म्हणतात. भ्रम माणसांचा असतो, पण फुटताना नाव आमचं घेतात. आम्ही कोणाचं काय घोडं मारलं आहे, कोण जाणे. पण आज मला गाऱ्हाणी सांगायची नाहीत. मी ज्या स्वयंपाकघरात वर्षभर कपाटावर बसून होतो, तिथे एका संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत एक अनर्थ घडू पाहत होता. मला तो दिसत होता आणि सांगता येत नव्हता. ती हकीकत सांगायची आहे.

मी साधासुधा भोपळा नाही, एवढं मात्र अभिमानाने सांगतो. मी दोन मुठींएवढा आहे. माझी साल काळपट हिरवी आणि नख रुतणार नाही इतकी टणक आहे. अंगावर खोल कंगोरे आहेत आणि जमिनीला टेकलेल्या बाजूला एक नारिंगी डाग आहे. आमच्या जातीला घरात ‘काळा कंगोरा’ म्हणतात. आम्ही बाजारात मिळत नाही.

आमची बाग म्हणजे मागचं दार आणि तारेचं कुंपण यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी. तिथे जुन्या लोखंडी खाटांचे सांगाडे उभे करून त्यांवर वेल चढवलेले असत. एका खाटेवर हंसासारखी मान वाकवलेले पिवळे भोपळे लोंबत. दुसरीवर तबकडीसारखे चपटे, कडेला झालर असलेले. तिसरीवर एक असा, की शिजवून काट्याने खरवडला तर आतून शेवयाच निघत. लोक गुलाब लावतात, आमची आत्या चित्रविचित्र भोपळे लावत असे.

आत्या म्हणजे कुरकुरीची आत्या. कुरकुरीचे वडील हे आत्याचे थोरले भाऊ. आत्या त्यांना दादा म्हणते. ते पुढच्या खोलीत जळालेल्या मोटारींना नव्याने तांब्याची तार गुंडाळून देतात. कुरकुरीची आई, म्हणजे आत्याची वहिनी, शहरात बस चालवते. कुरकुरी दुसरीत आहे आणि तिला जगातलं काहीही आवडत नाही. दूध जाड लागतं, पाव टोचतो, भाजी कडू आणि भात कंटाळवाणा. म्हणून बापाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव फक्त शाळेत वापरलं जातं.

आणि आत्या? ती एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. पातेल्यातला एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला की ती सांगे, मीठ कमी आहे, किंवा कालचं तेल वापरलंय, किंवा कांदा घाईत परतलाय. तिच्या निकालावर कोणी वाद घालत नसे. तिची जीभ हाच तिचा मान होता आणि तीच तिची भाकरी.

घरातही एक रीत होती. बागेतला कोणताही भोपळा कापला की पहिली कच्ची फोड आत्याची. ती चावायची, डोळे मिटायची, गिळायची आणि मग निकाल द्यायची. तोवर सुरी पुढे सरकत नसे. रीत लाडाची वाटली तरी शहाणपणाची होती. मित्रांनो, आमच्या कुळात कधीकधी एखादं फळ कडू निघतं, आणि तो कडूपणा कारल्यासारखा निरुपद्रवी नसतो. असा भोपळा पोटात गेला तर माणूस ओकून ओकून अर्धा होतो. कधी जिवावरही बेततं. शिजवलं तरी ते विष जात नाही. त्याच्यावर पहारा करायला जिभेशिवाय दुसरं काही नाही.

आता माझ्या जन्माकडे येतो. आमची फुलं दोन तऱ्हेची असतात. एक नुसत्या दांडीवर येणारं नर फूल आणि दुसरं बुडाशी इवलासा भोपळा घेऊन येणारं मादी फूल. मधमाशी दोघांत ये-जा करते, पण ती कोणाचं कूळ विचारत नाही. कुठलेही पराग कुठेही नेऊन टाकते. त्या वर्षीचं फळ त्यामुळे बिघडत नाही, बिघडतं ते आतलं बी. म्हणून आत्या कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या तोंडाला लोकरीचा दोरा बांधून ठेवी. सकाळी दोरा सोडायचा, आमच्याच जातीचं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलायच्या, परागाची दांडी आत हलक्या हाताने फिरवायची आणि तोंड पुन्हा बांधून टाकायचं. मग देठाला लाल लोकरीची गाठ मारायची. लाल गाठ म्हणजे हे फळ बियाण्याचं.

माझं सगळं असं यथासांग झालं. माझ्या शेजारीच, त्याच वेलावर, माझा भाऊ उमलत होता. त्याच्या कळीची एक पाकळी फाटलेली होती. आत्या बागेत यायच्या आधीच परागांनी पिवळीधम्मक झालेली एक मधमाशी त्या फटीतून आत गेली आणि लोळून बाहेर आली. ती कुठून आली होती तेही मी पाहिलं होतं. कुंपणापलीकडे एक फोटोग्राफर राहतो. त्याने स्टुडिओच्या खिडकीत मांडायला शोभेचे भोपळे लावले होते, रंगीत, चामखिळींनी भरलेले, दिसायला गोजिरे आणि चवीला जहर. तेवढ्यात कारखान्याची बस कोपऱ्यावर हॉर्न देऊ लागली. आत्याने घाईघाईने भावाच्या फुलात पराग फिरवले, दोरा बांधला, लाल गाठ मारली आणि ती पळाली. फाटकी पाकळी तिला दिसलीच नाही.

आम्ही वाढलो. वेल सुकला, देठ लाकडासारखे झाले, तेव्हा आत्याने आम्हाला लांब देठ ठेवून कापलं आणि उन्हात वाळवलं. आधी भावाचा नंबर लागला. आत्याने पहिली फोड खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, “गोड. भाजलेल्या बदामासारखा.” सगळे खूश झाले. भावाच्या बिया धुऊन, वाळवून डब्यात गेल्या. फळ गोड म्हणजे बीही चांगलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. पण फळाचा गर वेलाचा असतो मित्रांनो. बियांमध्ये त्या मधमाशीने आणलेला पाहुणा बसला होता आणि तो अजून बोलला नव्हता.

मला राखीव म्हणून कपाटावर ठेवलं. ते माझे सुखाचे दिवस होते. पाहुणे आले की मला खाली उतरवून दाखवत. फोटोग्राफरने माझा फोटो काढला. दादा मला ‘अध्यक्ष’ म्हणत, कारण मी उंचावर बसून काहीच करत नसे.

मग थंडीत आत्याला ताप आला. तो बरेच दिवस रेंगाळला आणि शेवटी गेला. घरच्यांना वाटलं, आत्या बरी झाली. मला मात्र कपाटावरून निराळंच दिसू लागलं. ती मसाल्याचे डबे उघडून एकेक नाकाशी धरी आणि तशीच उभी राही. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येई, पण वास येत नसे. एकदा तिने चिमूटभर मीठ नुसतं जिभेवर ठेवलं, मग मूठभर ठेवलं, आणि मग नळ सोडून किती तरी वेळ तोंड धुवत राहिली. तिचं नाक गेलं होतं आणि जीभही.

तिने कोणाला सांगितलं नाही. का सांगितलं नसेल, ते मला कळतं. जिच्या जिभेवर सगळा कारखाना जेवतो, ती जीभ मुकी झाली असं कसं सांगायचं? ती अंदाजाने सांभाळून नेऊ लागली. पूर्वी मीठ हाताने पडत असे, आता चमच्याने मोजून पडू लागलं. रंग बघून, बुडबुड्यांचा आवाज ऐकून, आठवणीच्या जोरावर ती निकाल देई आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे. मला तिची दया येई आणि भीतीही वाटे. आमच्या घराच्या दारात आता पहारेकरी नुसता उभा होता.

पेरणीच्या वेळी भावाच्या बिया मातीत गेल्या. त्या भरपूर होत्या, म्हणून माझी कोणाला आठवण झाली नाही. माझ्यावर धूळ बसली. पुढे बुडाशी एक मऊ ठिपका पडला. तो रोज थोडा थोडा पसरे आणि मी आतल्या बियांची काळजी करत बसे. बागेत काय चाललंय ते मला खिडकीतून अर्धवट दिसे. नव्या वेलांवर फळं धरली ती काही निराळीच होती. लांबट, काळ्या सालीवर पांढरे पट्टे आणि देठापाशी चामखिळी.

साधा माळी असता तर म्हणाला असता, हे काहीतरी बिघडलंय. पण ज्यांना विचित्र भोपळ्यांचं वेड असतं त्यांचं उलटं असतं. आत्या टोपली भरून आत आली तेव्हा तिचा चेहरा कित्येक महिन्यांनी फुलला होता.

“दादा, बघ तरी. नवीनच जात निघाली आपल्या बागेत. कोणाकडे नसेल अशी.”

“चामखिळी कसल्या गं या?” दादा दारातून म्हणाले. त्यांच्या हातात तार होती आणि अंगाला वॉर्निशचा वास.

“अरे, तीच तर मजा आहे. उद्या कँटीनमध्ये सगळ्यांना याचं सूप. साहेबांना कबूल केलंय मी. टेम्पो येईल संध्याकाळी, ते खोके घेऊन जाईल.”

मागच्या दारापाशी त्याच भोपळ्यांनी भरलेले खोके रचलेले होते. उद्या दुपारी अख्खा कारखाना ते सूप पिणार होता. 

तिने एक भोपळा कापला. कुरकुरी स्टुलावर चढून बघत होती. आत्याने रीतीप्रमाणे पहिली फोड घेतली, चावली, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. जीभ आत शोधत होती, तिला काही सापडत नव्हतं. मग ती गिळून म्हणाली, “गोड. गेल्या वर्षीपेक्षा थोडा उतरता, पण गोड.”

दादा समाधानाने पुढच्या खोलीत गेले. त्यांना एक मोटार त्याच संध्याकाळी द्यायची होती. आत्याने भोपळा चिरला, पातेलं चढवलं, दूध घातलं, मिरपूड घातली. सूप रटरटू लागलं. मधेच तिने एकदा पोटावर हात दाबला आणि स्वतःशीच म्हणाली, “दुपारी जेवले नाही, त्याचंच असणार.” मला खाली उडी मारावीशी वाटत होती. पण भोपळा टुणकन उडत नाही मित्रांनो, ते सगळं गोष्टीत. मी बसल्या जागी बसून राहिलो.

वहिनी संध्याकाळच्या पाळीवर होती. म्हणून आत्याने कुरकुरीलाच आधी वाढलं. वाडग्यात सूप, शेजारी पाव.

कुरकुरीने चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहरा आक्रसला.

“आत्या, कडू आहे.”

“तुला काय गोड लागतं गं? काल दूध कडू होतं.”

“काल नव्हतं खरं कडू. हे खरं आहे.”

पुढच्या खोलीतून दादांचा आवाज आला. “कुरकुरे, गप्प जेव. आत्याने चाखलंय ते. तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?”

“बाबा, पण...”

“वाडगा रिकामा दिसला पाहिजे मला.”

कुरकुरीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान दुसरीकडे वळवली. पोरीने दुसरा चमचा घेतला, नाक दाबून गिळला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बापाने सांगितलं होतं म्हणून तिने तिसरा भरला. मित्रांनो, त्या क्षणी मला माणसांचा राग आला. एवढी मोठी माणसं, आणि समोरच्या चमच्यातलं कोणी चाखून बघेना.

पण आत्या बघत होती. आयुष्यभर तिने जेवणाऱ्यांचे चेहरे पाहिले होते. रोज कुरकुरी चमचा तोंडापर्यंत यायच्या आधीच तोंड वाकडं करायची. आज तिचं तोंड चमच्यानंतर वाकडं झालं होतं. आत्याचा हात पुन्हा पोटावर गेला. तिथे आता चांगलीच कळ उठली असावी, कारण तिने ओट्याची कड घट्ट धरली.

मला कळलं, तिला कळलंय. आणि मला हेही दिसलं, की ती एक क्षण थांबली. ‘सूप नासलं वाटतं’ असं म्हणून तिला वाडगा उचलता आला असता. कोणी काही विचारलं नसतं, तिची जीभ तिच्या जागी मानाने राहिली असती. खोके मात्र टेम्पोत चढले असते.

“थांब,” आत्या म्हणाली. “थुंक ते. थुंक इथे माझ्या हातावर.”

कुरकुरी घाबरून थुंकली.

“दादा, इकडे ये. आत्ता ये.”

दादा तार तशीच हातात घेऊन आले. आत्याने पातेल्यात चमचा बुडवून त्यांच्यापुढे धरला. “जिभेच्या टोकाला लाव नुसतं. गिळू नकोस. कडू आहे का सांग.”

“तूच चाखलंस ना मघाशी?”

“मला कळत नाही.”

“काय कळत नाही?”

“चव. तापात गेली ती आलीच नाही परत. वासही नाही. मी सगळं अंदाजाने सांगते, दादा.”

 दादांनी चमचा जिभेला लावला आणि बेसिनकडे धावले. तोंड धुऊन ते लेकीकडे वळले.

“जहर आहे हे. किती गिळलंस गं बाळा?”

बाळा म्हणाले, कुरकुरी नाही. तेवढ्यात तिला उलटी झाली. दादांनी तिला उचललं, आत्या भिंत धरत मागोमाग निघाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता. पुढचं दार ओढल्याचा आवाज आला आणि घरात मी, पातेलं आणि खोके एवढेच उरलो.

ती वाट बघणं मी जन्मात विसरणार नाही. पातेल्यावर साय धरत होती. पाव टेबलावर तसाच होता. मग मागच्या गल्लीत गाडी थांबली. टेम्पोवाल्याने मागचं दार वाजवलं, हाका मारल्या, आत डोकावला. खोके कबूल केल्याप्रमाणे तयार होते. तो बिचारा सांगितलेलं काम करायला आला होता. एकेक खोका उचलून तो शीळ घालत घेऊन गेला. मी बघत बसलो. गाडी सुरू झाली आणि आवाज गल्लीच्या टोकाशी विरला.

काही वेळाने दादा आणि आत्या परतले. कुरकुरी दवाखान्यातच होती. तिला सलाईन लावलं होतं आणि वहिनी बसचा गणवेश न बदलता तिथेच बसली होती, एवढं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर थांबवलं, थोडक्यात निभावलं. आत्यालाही औषध दिलं होतं आणि पडून राहायला बजावलं होतं. तिला नीट उभं राहवत नव्हतं. ती मागच्या दाराशी आली आणि रिकामी जागा बघून थबकली.

“टेम्पो येऊन गेला,” ती म्हणाली.

“फोन कर.”

“कँटीनचा फोन या वेळी कोणी उचलत नाही. आणि सकाळच्या पाळीवाले आल्या आल्या चिरायला घेतात.” तिने पायात चपला सरकवल्या.

“तुला चालवत नाहीये. मी जातो. सांगतो भोपळे खराब निघाले म्हणून.”

“ते म्हणतील, तिने चाखलेत, खराब कसे असतील? माझ्या नावावर वापरतील, दादा. मलाच सांगावं लागेल.”

दोघं गेली. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, नंतर दादा वहिनीला सांगत होते तेव्हा ऐकलं. कँटीनच्या साहेबांसमोर आणि भांडी घासत उभ्या असलेल्या सगळ्या माणसांसमोर आत्या म्हणाली, “हे भोपळे फेकून द्या. आणि थंडीपासून मी जे जे चाखून दिलं, ते न चाखता दिलं.”  एकाने तिला बसायला स्टूल दिलं. साहेबांनी सांगितलं, की नोकरी राहील, पण चुलीपाशी नाही. भाजीच्या कोठारात. आत्याने मान डोलवली आणि खुंटीवरचा आपला एप्रन काढून घडी घालून तिथे ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुरकुरी घरी आली. ती मलूल होती, पण पाण्याला गरम आणि उशीला टणक म्हणण्याइतकी बरी होती.  वहिनीने मात्र बाही वर केली आणि मागचे वेल मुळासकट उपटायला घेतले. काळे कंगोरे गेले, मग बाकीचेही. आत्या पायरीवर बसून बघत राहिली. 

“घरात एकसुद्धा भोपळा नको मला,” वहिनी आत येत म्हणाली. तिची नजर फिरत फिरत कपाटावर आली. तिने स्टूल ओढलं आणि देठाला धरून मला उचललं. मला वाटलं, संपलं. माझं बूड आधीच मऊ पडलेलं, आणि आता देठही कुरकुरला. देठ म्हणजे आमचं झाकण. तो मोडला की आतलं सगळं सडतं.

“देठाला नका धरू, वहिनी,” आत्या पायरीवरून म्हणाली. “खालून हात लावा.”

“टाकायचाच आहे ना?”

“हो. टाका. सवयीने म्हटलं.”

वहिनीने तरीही दुसरा हात खाली लावला. ती मला धरून उभी राहिली. “हा कुठला?”

“गेल्या वर्षीचा. त्याच वेलावरचा. यालाही लाल गाठ होती.”

“मग हाही कडूच.”

“मला माहीत नाही,” आत्या म्हणाली.

त्या स्वयंपाकघरात आत्याने हे शब्द कधी उच्चारले नव्हते. निदान मी तरी ऐकले नव्हते.  वहिनीच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळणार? पण तिने मला कचऱ्यात टाकलं नाही. टेबलावर ठेवलं, सुरी घेतली आणि म्हणाली, “आत्या, या इथे. मी कापते. चाखणार पण मीच. तुमच्या जिभेवर आता माझा विश्वास नाही.”

“बरोबर आहे,” आत्या म्हणाली आणि येऊन बसली.

सुरी माझ्यात शिरली. दुखलं नाही, तुम्ही काळजी करू नका. सडलेला भाग बुडाशीच होता, बियांपर्यंत पोचला नव्हता. वहिनीने बारीकशी कपची कापली, जिभेच्या टोकाला लावली आणि थांबली. दादा दारात उभे होते.  मग तिने कपची चावली.

“कडू नाही.”

“कडू नाही म्हणजे कसा आहे?” आत्याने विचारलं.

“कसा म्हणजे? भोपळ्यासारखा आहे.”

“तसं नाही हो. कसा लागतो?”

वहिनीने दादांकडे पाहिलं. दादांनी एक कपची खाल्ली आणि ते म्हणाले, “चांगला आहे.”  आत्या वाट बघत होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

तेव्हा कुरकुरीने हात पुढे केला. वहिनी कचरली. तिने आणखी एकदा चाखलं, पुन्हा थांबली, आणि मगच एक छोटी कपची लेकीच्या हातावर ठेवली. कुरकुरीने ती अगदी हळू चावली. जगातल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी ती पोरगी, तिच्यापासून काय लपणार होतं?

“आधी काहीच नाही लागत,” ती म्हणाली. “पाण्यासारखं. मग कच्च्या शेंगदाण्यासारखं. मग मागे, घशापाशी, थोडं गोड. खूप नाही. आणि दोरे आहेत, ते दातात अडकतात. आणि शेवटी कपाटासारखं लागतं.”

“कपाटासारखं?”

“जुनं. पण कडू नाही. मी खोटं नाही सांगत आहे, आत्या.”

“माहीत आहे मला,” आत्या म्हणाली. तिने डोळे मिटले होते. “परत सांग. पहिल्यापासून.”

आणि कुरकुरीने परत सांगितलं.

आता माझ्या बिया खिडकीत कागदावर वाळत पडल्या आहेत आणि मी, म्हणजे माझं उरलेलं अर्धं अंग, त्यांच्या शेजारी आहे. संध्याकाळपर्यंत मला खतासाठी मातीत पुरतील. वहिनीने बिया ठेवायला होकार दिला आहे, पण कुंपणाजवळ काहीही लावायचं नाही आणि प्रत्येक फळ घरातल्या तिघांनी चाखायचं, अशा अटीवर. माझी पाकळी फाटली नव्हती की दोरा सुटला नव्हता. माझं बी खरं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांना ते ठाऊक नाही, आणि तेच बरं आहे. पुढच्या वर्षी ते चाखून बघतील.

मित्रांनो, मी एका गोष्टीसाठी तुमच्याकडे पदर पसरतो. भोपळा असो, दुधी असो की काकडी असो, कडू लागली तर थुंका. कोणी कितीही मोठा माणूस म्हणाला तरी गिळू नका, लाज वाटली तरी सांगा. आणि तुमच्यासमोर कोणी लहान मूल कडू आहे म्हणालं, तर त्याला दटावण्याआधी त्याच्या वाडग्यात चमचा घालून स्वतः चाखा. त्या संध्याकाळी मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.